पाणी तपासायला देताय? आधी बाटली नीट भरा

आमच्या सोसायटीच्या बोअरचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, निघाले. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता गहजब. दुसऱ्या दिवशी बोअर बंद, टँकर सुरू, टाक्या धुणं, चेअरमनांवर आगपाखड. आठवड्याने दुसऱ्या लॅबने स्वतःचा माणूस पाठवून नमुना घेतला. बोअर स्वच्छ निघाली.

मग आधी घाण कुठून आली? तर नव्याने सेक्रेटरी झालेल्या माझ्याकडून. मिनरल वॉटरची रिकामी बाटली मी घरच्या नळाखाली विसळली आणि पंपरूममधल्या ज्या नळाला गाड्या धुवायचा पाइप कायम लोंबत असतो, त्याच पाइपातून ती भरली. वर दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवली, कारण ऑफिस सुटल्यावर लॅबवरून जायचं होतं. मे महिना होता.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लॅबवाले तुमची विहीर बघत नाहीत, बोअर बघत नाहीत. त्यांच्या टेबलावर जी बाटली येते तिच्यातलं पाणी ते तपासतात. बाटली चुकली की पुढे लाखाचं मशीन असलं तरी उत्तर चुकीचंच. त्यानंतरच्या काही वर्षांत बोअर, टँकर, टाक्या आणि एसटीपी (सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) अशा सगळ्यांचे नमुने देऊन झाले. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी ते सगळं इथे क्रमाने मांडतेय.

१. कशासाठी तपासताय ते आधी ठरवा

'पाणी टेस्ट करायचंय' एवढंच सांगून लॅबमध्ये गेलात तर समोरून पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या पॅरामीटरसाठी?' आणि आपण गप्प. कारणावरून यादी ठरते, यादीवरून बाटल्या ठरतात आणि पैसेही.

पिण्यासाठी असेल तर मोजपट्टी एकच, भारतीय मानक आयएस १०५००. त्याची यादी लांबलचक आहे, कीटकनाशकं आणि किरणोत्सारी घटकांपर्यंत. सगळी करायची गरज सहसा नसते. घरगुती किंवा सोसायटीच्या बोअरला मी एवढं करून घेते: पीएच, गढूळपणा, टीडीएस (विरघळलेले क्षार), विद्युतवाहकता, एकूण कठीणपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, आणि जिवाणूंसाठी एकूण कोलिफॉर्म व ई-कोलाय. शेजारी कारखाना, भंगाराचं गोदाम किंवा कचरा डेपो असेल तर शिसं, क्रोमियम वगैरे जड धातू वाढवा.

जागेप्रमाणे भर कशावर द्यायचा तेही बदलतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइड सोडून चालणार नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात टीडीएस आणि क्लोराइड आधी बघतात. वस्तीत सेप्टिक टँक आणि बोअर जवळजवळ असतील किंवा भोवती खताची शेती असेल, तर नायट्रेट.

सांडपाणी असेल तर आयएस १०५०० बाजूला ठेवा. तिथे पीएच, टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण), बीओडी आणि सीओडी (सेंद्रिय घाण किती याची दोन मापं), तेल-ग्रीस आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म. नेमकी यादी आणि मर्यादा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात, म्हणजे ज्याला सगळे 'कन्सेंट' म्हणतात त्यात, छापलेली असते. लॅबला फोन लावण्याआधी ते पान शोधा.

२. लॅब निवडणं

खासगी लॅब असेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता आहे का विचारा, आणि 'हो' ऐकून थांबू नका. ही मान्यता एकेका चाचणीसाठी मिळते. पीएच आणि कठीणपणासाठी मान्यता असलेली लॅब कोलिफॉर्मसाठी मान्य असेलच असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक लॅबचा 'स्कोप' सापडतो, त्यात आपली चाचणी आहे का ते पाहा. रिपोर्टमध्ये काही ओळींपुढे फुली किंवा चांदणी असते आणि तळाला बारीक अक्षरात 'ही चाचणी मान्यतेच्या कक्षेबाहेर' असं लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर पैसे भरण्याआधी वाचलेलं बरं.

एसटीपीचा रिपोर्ट मंडळाला दाखवायचा असेल तर लॅबला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची मान्यता आहे का, हेही विचारा.

गावाकडे असाल तर खासगी लॅबकडे धावायच्या आधी सरकारी व्यवस्था वापरा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्हा आणि उपविभाग पातळीवर आहेत, आणि जलजीवन मिशननंतर सरकारी प्रयोगशाळांत सामान्य माणसालाही नाममात्र दरात पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, स्रोतांचे नमुने नेण्याचं काम त्याचंच. त्याला गाठा, त्याच्याकडे बाटल्याही असतात. गावपातळीवर वापरतात त्या फील्ड टेस्ट किटने पहिला अंदाज येतो. किटमधल्या जिवाणू तपासायच्या एच-टू-एस बाटलीतलं पाणी काळं पडलं की दूषित, एवढं ते सोपं आहे. पण किटचं उत्तर हा इशारा समजा. कागदावर पुरावा हवा असेल तर प्रयोगशाळाच.

आणि जो आरओ विकायला येतो, त्याच्या हातातल्या यंत्राला 'टेस्ट' म्हणू नका. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जिवाणू, फ्लोराइड, नायट्रेट यातलं त्याला काहीही वेगळं दिसत नाही. त्याच माणसाचा दुसरा खेळ म्हणजे दोन ग्लासांत सळया बुडवून बटण दाबणं. तुमच्या पाण्यात तपकिरी चोथा उसळतो, आरओच्या पाण्यात नाही. तो चोथा मुख्यतः त्या लोखंडी सळईचाच असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, सळई झिजते, गंज वर येतो. आमच्या मजल्यावर या खेळावर तीन आरओ खपले.

३. जमवायचं सामान आणि कागद

बाटल्या लॅबकडूनच घ्या. बहुतेक लॅब देतात, आपण मागत नाही.

- रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली किंवा कॅन, साधारण दोन लिटर
- जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली; पाण्यात क्लोरीन असेल तर आत सोडियम थायोसल्फेट घातलेली
- धातू तपासायचे असतील तर नायट्रिक ॲसिड घातलेली छोटी बाटली
- तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली
- थर्माकोलचा डबा किंवा कोल्ड बॅग, भरपूर बर्फ
- स्पिरिट, कापूस, लायटर, हातमोजे
- पाण्याने न पुसला जाणारा मार्कर आणि चिकटपट्टी
- क्लोरीन बघायला ओ.टी. किट

कागदांत सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, कन्सेंटची प्रत, आधीचा रिपोर्ट आणि बिल कुणाच्या नावाने ते. इथे एक खड्डा आहे. अनेक नव्या सोसायट्यांत कन्सेंट अजून बिल्डरच्या नावावर असतं आणि रिपोर्ट सोसायटीच्या नावाने निघतो. मग ऐन नूतनीकरणाच्या वेळी 'हा रिपोर्ट कुठल्या प्रकल्पाचा?' म्हणून फाइल परत. रिपोर्टवर जागेचं नाव आणि पत्ता कन्सेंटमध्ये आहे तसाच, अक्षरन् अक्षर, लिहायला सांगा.

४. नळाचा आणि बोअरचा नमुना

आदल्या दिवशी लॅबला फोन करा: किती वाजेपर्यंत घेता, शनिवारी घेता का. जिवाणूंचा नमुना सहा तासांच्या आत पोचला तर उत्तम, चोवीस तासांच्या पुढे गेला तर टाकून द्या. म्हणून मी सकाळी भरते आणि थेट निघते.

कुठला नळ, हे महत्त्वाचं. बोअरचं पाणी तपासायचं असेल तर टाकीत जाण्याआधी, पंपाजवळच्या नळातून घ्या. टाकीनंतर घेतलंत तर तो टाकीचा नमुना झाला. खराबी कुठे आहे कळायला मी तीन ठिकाणी घेते: पंपाजवळ, जमिनीखालच्या टाकीतून येणाऱ्या लाइनवर आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात. तिथल्या फिल्टरच्या आधी, बरं का.

नळाला पाइप, जाळी, कापडाची पिशवी असेल तर काढा. (आमच्याकडे नळाला फडकं बांधायची पद्धत अजून आहे. आजीच्या काळात ते नारूचे किडे गाळायला उपयोगी होतं, आता तेच जिवाणूंचं घर.) बोअर रात्रभर बंद असेल तर दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहू द्या, पाइपात साचलेलं निघून जाऊ द्या. रोज वापरातल्या नळाला दोन-तीन मिनिटं पुरतात. मग नळ बंद करून तोंड स्पिरिटने पुसा, आणि धातूचा असेल तर स्पिरिटचा बोळा पेटवून तोंड चांगलं तापवा. प्लास्टिकचा असेल तर फक्त पुसा. मी एकदा तापवला होता, प्लंबरकाकांनी अजून ती गोष्ट सोडलेली नाही. पुन्हा थोडं पाणी जाऊ द्या, धार बारीक ठेवा.

पहिली बाटली जिवाणूंची. ती विसळायची नाही. आतला थायोसल्फेट धुऊन गेला तर पाण्यातलं क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतं आणि नमुना खोटा स्वच्छ येतो. झाकण हातातच, आतली बाजू खाली करून धरा. ओट्यावर ठेवू नका, आत बोट लावू नका. काठोकाठ भरू नका, वर थोडी हवा राहू द्या, कारण लॅबमध्ये ती हलवावी लागते.

रासायनिक बाटलीचं नेमकं उलटं. त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळा आणि काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरा.

लोहाबद्दल वेगळं सांगते, कारण यात भले भले फसतात. बोअरचं पाणी भरताना काचेसारखं, आणि तासाभरात पिवळसर. विरघळलेलं लोह हवा लागली की गंजासारखं खाली बसतं. ॲसिड नसलेल्या बाटलीत ते तळाला आणि बाजूंना चिकटतं, वरच्या पाण्यात आकडा कमी येतो. म्हणून धातूंची बाटली वेगळी. ॲसिडची बाटली कधीही विसळायची नाही, आणि मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

क्लोरीन मात्र जागेवरच बघा. ते रस्त्यात उडून जातं, लॅबमध्ये पोचेपर्यंत शून्य. नळाच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, पट्टीशी रंग जुळवायचा. ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी दिसायला हवं. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते थेंब हाताला लागू देऊ नका.

उघडी विहीर असेल तर बादली-पोहऱ्याने काढून बाटलीत ओतू नका. निर्जंतुक बाटलीलाच स्वच्छ दोरी आणि धुतलेला दगड बांधून, भिंतीला न लावता, पृष्ठभागाखाली फूटभर बुडवा.

५. एसटीपीचा नमुना

ऑपरेटरला 'बाटली भरून ठेव रे' म्हणून सांगू नका. आमच्याकडे एकदा रिपोर्टमध्ये बीओडी ४ आला आणि त्याच आठवड्यात फ्लशच्या पाण्याला वास येत होता. बिचाऱ्याने बागेच्या नळातून भरली होती, जिथे प्रक्रिया केलेल्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतं. त्याच्या मते तेच 'आउटलेट'.

उभं राहून घ्या. दोन जागा: प्लांटमध्ये येणारं पाणी आणि वाळू व कार्बन फिल्टरनंतर बाहेर पडणारं. नुसतं आउटलेट घेऊन प्लांट काम करतोय की आतच पातळ पाणी येतंय ते कळत नाही. वेळ सकाळी सात ते नऊच्या आसपासची, जेव्हा सगळ्या घरांत आंघोळी चालू असतात. दुपारी तीनला घेतलेला नमुना कुणाचाही छान येतो. मंडळाने संमिश्र नमुना मागितला असेल तर दर तास-दोन तासांनी थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं असतं. तेल-ग्रीस आणि कोलिफॉर्म मात्र त्यात चालत नाहीत, ते एकाच वेळी, थेट त्यांच्या बाटलीत.

इनलेटला वरचा फेस नको, तळाचा गाळ नको. लांब दांड्याच्या डब्याने मधलं पाणी घ्या. आणि हे अगदी गंभीरपणे: टाकीत वाकू नका, कुणाला आत उतरवू नका, 'एक मिनिटात येतो' म्हणाला तरी. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि वाचवायला गेलेला दुसराही जातो. माणसाला असं असुरक्षितपणे गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. नमुन्यासाठी तर प्रश्नच नाही.

बीओडीच्या बाटलीत ॲसिड नसतं. ती काठोकाठ भरून लगेच बर्फात, अंधारात, त्याच दिवशी लॅबला. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक ॲसिड असतं. तेल-ग्रीसची काचेची बाटली थेट धारेखाली धरा. मध्ये मग किंवा बादली आली तर तेल तिलाच चिकटून राहतं.

एक गोष्ट लॅबला आवर्जून सांगा: आउटलेटला क्लोरीन सोडताय का. बीओडी म्हणजे जिवाणू तीन दिवसांत किती ऑक्सिजन खातात याचं माप. क्लोरीनने जिवाणूच मेले तर खाणार कोण? आकडा कमी येतो, प्लांट बिघडलेला असला तरी. सांगितलंत तर लॅब आधी क्लोरीन काढून मग चाचणी लावते.

६. काउंटरवर

प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ, भरणाऱ्याचं नाव. घरीच लिहा, ओल्या बाटलीवर मार्कर चालत नाही. नमुन्याच्या फॉर्मवर लॅबवाले बाटलीचं तापमान नोंदवतात का बघा; नोंदवणारी लॅब मला आवडते.

रिपोर्टवर 'नमुना ग्राहकाने आणून दिला' असं येणार असेल तर त्याचा अर्थ समजून घ्या. निकाल फक्त त्या बाटलीपुरता, जागेची हमी लॅब घेत नाही. घरगुती माहितीसाठी ते चालतं. कन्सेंटच्या कामाला थोडे जास्त पैसे देऊन लॅबचाच माणूस बोलवा.

बीओडीचा नमुना गुरुवारी देऊ नका. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, म्हणजे गुरुवारी लावलेली रविवारी वाचायला हवी. रविवारी कोण येतं, ते लॅबलाच विचारा. मी सोमवारी देते.

७. रिपोर्ट कसा वाचायचा

आयएस १०५००मध्ये बहुतेक घटकांना दोन आकडे आहेत. पहिला स्वीकार्य मर्यादा. दुसरा, पर्यायी स्रोत नसेल तेव्हा चालवून घेण्याची मर्यादा. टीडीएसला ५०० आणि २०००, कठीणपणाला २०० आणि ६००, क्लोराइडला २५० आणि १०००, फ्लोराइडला १ आणि १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आमचा टीडीएस ७८० आला तर अर्ध्या ग्रुपने 'विष' म्हटलं. तसं काही नसतं. दोन आकड्यांच्या मधलं पाणी आहे, डाळ शिजायला वेळ लागेल, गीझरला पापुद्रा धरेल.

काही घटकांना सवलत नाही. पीएच ६.५ ते ८.५. नायट्रेट ४५. ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

नायट्रेटमध्ये आम्ही पुरते फसलो. रिपोर्टमध्ये १४ लिहिलं होतं, मर्यादा ४५, सगळे खूश. वर्षभराने दुसऱ्या लॅबचा ६२ आला. पाणी तेच होतं! पहिल्या लॅबने आकडा 'नायट्रोजनच्या रूपात' दिला होता. त्याला ४.४३ने गुणलं की नायट्रेट मिळतं, आणि १४ गुणिले ४.४३ म्हणजे ६२. एकक वाचायची सवय तेव्हा लागली. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. तुरटी आणि क्लोरीननेही जात नाही. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत असं पाणी अजिबात नको.

कोलिफॉर्मपुढे '२ पेक्षा कमी' असं दिसलं तर दोन जिवाणू सापडले असा अर्थ नाही. नळ्यांच्या पद्धतीत तो सगळ्यात खालचा आकडा, म्हणजे काही आढळलं नाही. 'बीडीएल' (शोधमर्यादेपेक्षा कमी) हेही तसंच, पण शोधमर्यादा, म्हणजे लॅबला दिसू शकणारा सगळ्यात लहान आकडा, किती ते शेजारी लिहिलेलं हवं. शिशाची मर्यादा ०.०१ आणि लॅबची शोधमर्यादा ०.०५ असेल तर त्या 'बीडीएल'ला काही अर्थ नाही.

सांडपाण्याला तुमच्या कन्सेंटचे आकडे लागू. नदीनाल्यात सोडण्याची जुनी सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी २५०, टीएसएस १०० अशी आहे; पण गृहप्रकल्पांच्या कन्सेंटमध्ये अनेकदा बीओडी १० इतकी कडक अट असते. लॅब रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जुनी मर्यादा छापते आणि खाली 'समाधानकारक' लिहिते. त्यावर जाऊ नका, कन्सेंट शेजारी ठेवून वाचा.

८. रिपोर्ट खरा आहे का?

यासाठी केमिस्ट असायची गरज नाही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

कॅल्शियमला २.५ने गुणा, मॅग्नेशियमला ४.१ने, बेरीज करा. एकूण कठीणपणाच्या जवळ यायला हवी. आमचं कॅल्शियम ९० आणि मॅग्नेशियम ४५, म्हणजे २२५ अधिक १८५, चारशे दहा. रिपोर्टमध्ये ४१० होतं. टीडीएस हा विद्युतवाहकतेच्या साधारण ०.५५ ते ०.७ पट असतो. ई-कोलाय एकूण कोलिफॉर्मपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण ते त्यांच्यातलेच. बीओडी सीओडीपेक्षा मोठा दिसला तर काहीतरी नक्की चुकलंय. घरगुती कच्च्या सांडपाण्यात सीओडी बीओडीच्या दुपटीच्या आसपास असतो.

तारखाही बघा. नमुना मिळाला, चाचणी सुरू, चाचणी संपली. मंगळवारी दिलेल्या नमुन्याचा बीओडी बुधवारी हातात आला तर तो बाटलीतून आलेला नाही. मला एकदा असा रिपोर्ट मिळाला होता, सही-शिक्क्यासकट. ती लॅब आम्ही सोडली.

९. खराब आला तर

लगेच ग्रुपवर टाकू नका. आधी त्याच जागेचा दुसरा नमुना, नीट भरून. पुन्हा कोलिफॉर्म आले तर जमिनीखालच्या टाकीच्या शेजारून ड्रेनेजची लाइन जाते का, झाकण बसतं का, पावसाचं पाणी आत उतरतं का ते तपासा, टाकी धुवा, क्लोरीन घाला आणि दुरुस्तीनंतर पुन्हा नमुना द्या. तोवर पिण्याचं पाणी उकळून. पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा लोक लॅबसमोर रांगा लावून उभे होते. तशी वेळ येईपर्यंत थांबू नका. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, त्यातली एक पहिल्या जोरदार पावसानंतर. एसटीपीची किती वेळा ते कन्सेंटमध्ये दिलेलं असतं.

नमुन्याच्या नळांवर आम्ही ऑइलपेंटने १, २, ३ असे आकडे घातलेत आणि त्यांचा नकाशा पंपरूमच्या दाराला आतून चिकटवलाय. दर दोन वर्षांनी कमिटी बदलते. गाड्या धुवायचा पाइप आता चौथ्या नळाला लावतात.